जुन्या पीएसपीचे फर्मवेअर अपडेट आणि जोडीने बिनतारी खेळ : नवख्यांसाठी मार्गदर्शक

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एकत्र खेळता यावे म्हणून माझ्या दोन भाच्यांनी, एक परभणीचा आणि एक छत्रपती संभाजीनगरचा, जुने पीएसपी (प्लेस्टेशन पोर्टेबल, म्हणजे हातात धरून खेळायचा सोनीचा गेम कन्सोल) विकत घेतले. परभणीच्या भाच्याला ३००० मालिकेतला कन्सोल मिळाला. दुसऱ्याने शहरातल्या एका दुकानातून त्यापेक्षा आठशे रुपयांनी स्वस्त आणि दिसायला जास्त नवा असा नग उचलला. जालन्याला आमच्या घरी दोघे समोरासमोर बसले आणि अर्धा तास एकच गोष्ट शोधत राहिले, ती म्हणजे दुसऱ्या कन्सोलवर वाय-फायचे बटण नेमके कुठे आहे. ते कुठेच नव्हते, कारण तो पीएसपी-ई१००० होता आणि त्या मॉडेलमध्ये वाय-फाय मुळात बसवलेलेच नाही. दुकानदाराने मात्र तो "सेम टू सेम" म्हणून दिला होता.

असा जुना पीएसपी ज्यांच्या हाती नुकताच आला आहे किंवा जे तो घेण्याच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. त्यात मुख्यतः दोन कामे येतात. पहिले काम फर्मवेअर, म्हणजे कन्सोलच्या आतला मूळ प्रोग्राम, अपडेट करण्याचे, जे आयुष्यात एकदाच पण नीट करायचे आहे. दुसरे काम दोन किंवा अधिक कन्सोल एकमेकांना बिनतारी जोडून खेळण्याचे, ज्याला इंटरनेट लागत नाही, राउटर लागत नाही आणि घरात लाईट नसली तरी चालते. मराठवाड्यात राहणाऱ्याला या यंत्राचे खरे मोल त्या दुसऱ्या गोष्टीत आहे, असे माझे मत आहे.

पैसे मोजण्याआधी

पीएसपी पहिल्यांदा डिसेंबर २००४ मध्ये जपानमध्ये विक्रीला आला आणि २०१४ मध्ये सोनीने त्याचा पुरवठा थांबवला. म्हणजे आज बाजारात जो नग मिळेल तो वापरलेला किंवा निदान दहा वर्षे कपाटात पडून राहिलेला असणार. मॉडेलचा क्रमांक कन्सोलच्या पाठीमागे किंवा बॅटरीचे झाकण काढल्यावर आतल्या चिठ्ठीवर छापलेला असतो आणि तो वाचल्याशिवाय सौदा करू नये. १०००, २००० आणि ३००० या तिन्ही मालिकांत वाय-फाय आहे. १००० मालिकेचा कन्सोल जाड आणि जड असतो, २००० आणि ३००० त्याहून सडपातळ आहेत आणि ३००० चा पडदा अधिक चांगला आहे. २०११ मध्ये आलेल्या ई१००० मध्ये खर्च वाचवण्यासाठी वाय-फाय काढून टाकले गेले, त्यामुळे एकट्याने खेळायचे असेल तरच तो घ्यावा. सरकत्या पडद्याचा पीएसपी गो दिसायला देखणा असला तरी त्यात यूएमडी, म्हणजे पीएसपीचे खेळ ज्यावर येतात ती छोटी चकती, बसत नाही, त्याचे सगळे खेळ ऑनलाइन दुकानातून उतरवून घ्यावे लागत आणि पीएसपीवरून त्या दुकानात खरेदी करण्याची सोय जुलै २०२१ मध्ये बंद झाली. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये, हे उत्तम.

वाय-फायचे छोटे सरकते बटण १००० मालिकेत डाव्या कडेला, तर २००० आणि ३००० मध्ये वरच्या कडेला डावीकडे असते. ते दुकानातच पुढेमागे सरकवून पाहावे. पुष्कळ कन्सोलांचे हे बटण वर्षानुवर्षे न हलवल्यामुळे घट्ट झालेले किंवा धुळीने बसलेले असते आणि घरी आल्यावर "वाय-फाय लागत नाही" अशी जी तक्रार होते, तिचे मूळ अनेकदा एवढेच असते.

बॅटरीची परीक्षा त्याहून महत्त्वाची आहे. बॅटरीचे झाकण नीट बसत नसेल, मधोमध फुगीर वाटत असेल किंवा कन्सोल सपाट टेबलावर डुगडुगत असेल, तर आतली बॅटरी फुगलेली आहे असे समजावे आणि ती चार्जसुद्धा न करता बदलावी. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखालच्या दुकानात पडून राहिलेल्या मालाच्या बाबतीत हे वारंवार दिसते. वरून चांगली दिसणारी बॅटरीदेखील आतून थकलेली असू शकते. 'सेटिंग्ज' मधील 'सिस्टिम सेटिंग्ज' मध्ये 'बॅटरी इन्फर्मेशन' उघडले की उरलेल्या चार्जची टक्केवारी दिसते. ती पाहून चार्जर काढावा, चकतीवरचा एखादा खेळ दहा मिनिटे चालवावा आणि पुन्हा टक्केवारी पाहावी. दहा मिनिटांत आकडा नव्वदवरून चाळीसवर आला किंवा कन्सोल मध्येच मालवला, तर त्या बॅटरीवर अपडेटचे काम करण्याचे धाडस करू नये. नवी बॅटरी घेताना १००० मालिकेची जाड आणि २०००-३००० ची पातळ असते, हे लक्षात ठेवावे. मूळ बॅटऱ्यांची क्षमता अनुक्रमे १८०० आणि १२०० मिलिअँपिअर-तास होती.

फर्मवेअर आणि अपडेटची भीती

फर्मवेअर म्हणजे कन्सोलच्या आत कायम वस्तीला असलेला मूळ कार्यक्रम. बटण दाबल्यावर पडदा उजळवणे, मेनू दाखवणे, चकती वाचणे, वाय-फायची तार नसलेली तार जोडणे, ही सगळी कामे तो करतो. पीएसपीमध्ये तो मुख्य फळीवरच्या फ्लॅश चिपमध्ये राहतो. १००० मालिकेत ही चिप ३२ एमबीची आहे आणि २०००-३००० मध्ये ६४ एमबीची. तुम्ही घातलेल्या मेमरी स्टिकशी (खेळातली प्रगती साठवणाऱ्या छोट्या कार्डाशी) तिचा संबंध नाही. म्हणून मेमरी स्टिक पुसली तरी फर्मवेअर जात नाही आणि फर्मवेअर बदलले तरी मेमरी स्टिकवरचे जतन केलेले खेळ जागेवर राहतात.

अपडेट म्हणजे या चिपमधला जुना कार्यक्रम पुसून त्याच जागी नवा लिहिणे. जुना पुसला गेला आहे आणि नवा अर्धाच लिहून झाला आहे अशा क्षणी वीज तुटली, तर पुढच्या वेळी कन्सोलला सुरू होण्यासाठी काही उरत नाही. हिरवा दिवा लागतो, पडदा काळाच राहतो. विहिरीचा जुना कठडा पाडला आणि नवा बांधायच्या आत गवंडी निघून गेला, तर जे होईल तेच इथे होते. असा कन्सोल पुन्हा जिवंत करण्याची साधने गल्लीतल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे नसतात, त्यामुळे ही वेळ येऊ न देणे एवढाच व्यवहार्य उपाय उरतो.

मग अपडेट करायचेच कशाला? कारण प्रत्येक खेळाला एक किमान फर्मवेअर लागते आणि त्यापेक्षा जुने असेल तर खेळ सुरूच होत नाही. शिवाय वाय-फायच्या सुरक्षेचे प्रकार, खेळांना मिळणारा प्रोसेसरचा पूर्ण ३३३ मेगाहर्ट्झचा वेग अशा कित्येक गोष्टी नंतरच्या फर्मवेअरांनी आणल्या. ऑगस्ट २०११ मध्ये ६.६० आले आणि जानेवारी २०१५ मध्ये आलेले ६.६१ हे शेवटचे ठरले. तुमच्या कन्सोलवर यांपैकी कोणतेही एक असेल, तर हा पुढचा भाग वाचून सोडून द्यावा आणि थेट खेळाकडे वळावे, ६.६० वरून ६.६१ वर जाण्यासाठी जोखीम घेण्यासारखे त्यात काही नाही.

आपले फर्मवेअर कोणते ते 'सेटिंग्ज', 'सिस्टिम सेटिंग्ज', 'सिस्टिम इन्फर्मेशन' या क्रमाने गेल्यावर दिसते. तिथे आकड्यापुढे काही जादा अक्षरे दिसली, म्हणजे ६.६० च्या पुढे 'प्रो' किंवा ६.६१ च्या पुढे 'एलएमई' असे काही, तर आधीच्या मालकाने सोनीबाहेरचे फर्मवेअर घातले आहे असे समजावे. अशा कन्सोलवर सोनीचे अपडेट चढवले की ते बाहेरचे फर्मवेअर निघून जाते आणि त्याच्या आधारे चालणाऱ्या गोष्टी बंद पडतात. म्हणून अशा वेळी हात आवरावा आणि विकणाऱ्याला आधी विचारून घ्यावे. अधिकृत मार्गाने खालच्या आवृत्तीवर परत जाता येत नाही, हेही इथेच सांगून ठेवतो.

अपडेट कसे करावे

इंटरनेटवरून थेट अपडेट करण्याची सोय मेनूत आहे. पण हा कन्सोल आजच्या वाय-फायशी सहजासहजी जुळत नाही (का, ते पुढे येईल), म्हणून संगणकाचा मार्ग मी सुचवतो. त्यासाठी मिनी-यूएसबी केबल लागते. ही आजच्या मोबाइलची केबल नव्हे, तर जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांना लागायची तशी. बाजारात मिळणाऱ्या काही केबली फक्त चार्जिंगच्या असतात. तशी केबल लावली तर संगणकाला कन्सोल दिसतच नाही आणि माणूस उगाच कन्सोलला दोष देत बसतो.

आदल्या रात्री बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवावी. सकाळी मेमरी स्टिकवरचे जतन केलेले खेळ संगणकावर उतरवून घ्यावेत. मेमरी स्टिक नवी असेल किंवा अडॅप्टरमध्ये मोबाइलचे कार्ड घातले असेल, तर ती कन्सोलमध्येच 'सिस्टिम सेटिंग्ज' मधील 'फॉरमॅट मेमरी स्टिक' ने साफ करावी, कारण त्यामुळे लागणारे फोल्डर कन्सोल स्वतःच तयार करतो. निदान शंभर एमबी जागा मोकळी असावी.

आता केबल जोडून 'सेटिंग्ज' मधील 'यूएसबी कनेक्शन' निवडावे. संगणकावर मेमरी स्टिक एखाद्या पेन ड्राइव्हसारखी उघडते. तिच्यात 'पीएसपी' नावाचे फोल्डर असते, त्याच्या आत 'गेम'. या 'गेम' च्या आत 'अपडेट' नावाचे नवे फोल्डर करावे. नाव इंग्रजीत, सगळी अक्षरे मोठी, मागेपुढे मोकळी जागा नको. सोनीने दिलेली अपडेटची फाइल या फोल्डरमध्ये ठेवावी. तिचे नाव 'ईबूट' आणि त्यापुढे टिंब देऊन 'पीबीपी' असेच असले पाहिजे. संगणकाने एकच फाइल दोनदा उतरवली असेल तर नावापुढे कंसात एकचा आकडा लागतो आणि तेवढ्यानेही कन्सोल ती ओळखत नाही. फाइल सोनीखेरीज कुठूनही, विशेषतः मित्राच्या मित्राने मोबाइलवर पाठवलेली, घेऊ नये. नक्कल पूर्ण झाली की गोलाचे बटण दाबून यूएसबीतून बाहेर पडावे आणि मगच केबल काढावी.

यानंतर चार्जर जोडावा. इथे एक गैरसमज दूर करणे गरजेचे आहे. चार्जर लावला आहे म्हणजे बॅटरी नसली तरी चालेल, किंवा बॅटरी भरली आहे म्हणजे चार्जर नको, असे दोन्ही बाजूंनी लोक समजतात. अपडेटला दोन्ही हवेत आणि त्यामागे साधे कारण आहे. भिंतीतली वीज गेली तर बॅटरी सांभाळून घेते आणि बॅटरी थकली तर भिंत. एकमेकांना टेकून उभ्या केलेल्या दोन पेंढ्यांसारखे हे आहे. शहरात लाईट जाण्याची वेळ थोडीफार ठरलेली असते, पण खेड्यात शेतीपंपांची वेळ झाली की व्होल्टेज इतके खाली येते की बल्ब नारिंगी दिसू लागतो. त्या वेळी लाईट 'आहे' म्हणून काम सुरू करू नये. सकाळी लवकर, व्होल्टेज स्थिर असताना हे काम उरकावे. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या सॉकेटवर. रेल्वेच्या डब्यातल्या किंवा एसटी स्थानकावरच्या चार्जिंग पॉइंटवर हे काम कधीही करू नये.

मेनूत 'गेम' कडे जाऊन 'मेमरी स्टिक' उघडले की 'पीएसपी अपडेट' आणि त्यापुढे आवृत्तीचा आकडा दिसतो. त्याऐवजी 'करप्टेड डेटा' असे दिसले, तर घाबरू नये. फाइल अर्धवट उतरली आहे, बनावट आहे किंवा चुकीच्या जागी आहे एवढाच त्याचा अर्थ आहे आणि कन्सोलला अजून काहीही झालेले नाही. फाइल काढून नव्याने ठेवावी. आकडा बरोबर दिसत असेल तर फुलीचे बटण दाबावे, अटी मान्य कराव्यात आणि काम सुरू झाले की कन्सोल टेबलावर ठेवून हात बाजूला घ्यावेत. बटणे दाबायची नाहीत, मेमरी स्टिक काढायची नाही, "अडकला वाटतं" म्हणून बंद करून पुन्हा सुरू करायचा नाही. टक्क्यांची पट्टी मधेच थबकते आणि मग एकदम पुढे सरकते, हे नेहमीचेच आहे. भाच्याचे अपडेट चालू असताना माझ्या आईने त्याच खोलीतला पंखा बंद केला, तेव्हा तो ज्या आवाजात ओरडला तो अजून माझ्या कानात आहे. पंख्याचे बटण आणि चार्जरचा सॉकेट एकाच फळ्यावर होते. अशा फळ्यावर आधी कागद चिकटवून ठेवावा.

काम संपल्यावर कन्सोल आपणहून पुन्हा सुरू होतो. 'सिस्टिम इन्फर्मेशन' मध्ये नवा आकडा पाहावा आणि मेमरी स्टिकवरची अपडेटची फाइल काढून टाकावी.

इंटरनेटचा मार्ग जवळपास का बंद आहे

पीएसपीच्या वाय-फायचे दोन प्रकार आहेत आणि मेनूत ते 'इन्फ्रास्ट्रक्चर मोड' आणि 'ॲड हॉक मोड' या नावांनी येतात. पहिल्यात कन्सोल राउटरमार्गे इंटरनेटवर जातो. दुसऱ्यात कन्सोल कन्सोलशी थेट बोलतो.

पहिल्याबद्दल थोडक्यात सांगतो. पीएसपीचे वाय-फाय ८०२.११बी या जुन्या पद्धतीचे आहे. ते फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते आणि कागदावरचा त्याचा कमाल वेग सेकंदाला ११ मेगाबिट आहे. त्याहून मोठी अडचण सुरक्षेची आहे, कारण तो वाय-फायच्या पासवर्डची डब्ल्यूपीए ही जुनी सुरक्षापद्धत ओळखतो, पण डब्ल्यूपीए-२ ही तिच्यानंतरची ओळखत नाही. आज घरोघरी बसवलेले फायबरचे राउटर आणि मोबाइलचे हॉटस्पॉट डब्ल्यूपीए-२ किंवा त्यापुढच्या पद्धतीवर असतात. म्हणून यादीत घरच्या वाय-फायचे नाव दिसते, पासवर्ड अचूक टाकला जातो आणि तरीही जोडणी होत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए आणि डब्ल्यूपीए-२ असा मिश्र पर्याय असेल, २.४ गिगाहर्ट्झ सुरू असेल आणि जुन्या 'बी' पद्धतीला मुभा असेल, तर जोडणी होऊ शकते. पण एका खेळण्यासाठी सगळ्या घराचे वाय-फाय कमकुवत करणे मला पटत नाही; पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क काढता येत असेल तर तेवढ्यापुरते ते वापरावे आणि काम झाले की बंद करावे. एवढे करूनही पीएसपीच्या बहुतेक खेळांचे सर्व्हर केव्हाच बंद झाले आहेत. म्हणजे रस्ता दुरुस्त केला तरी पलीकडे गाव उरलेले नाही.

ॲड हॉक : समोरासमोर बसून

आता ज्यासाठी हा कन्सोल घ्यावा, त्याकडे वळू. ॲड हॉकमध्ये कन्सोल आपापसांत रेडिओलहरींनी बोलतात, मध्ये कोणी मध्यस्थ नसतो. खेळानुसार दोनपासून सोळापर्यंत कन्सोल एकत्र येऊ शकतात. कोणत्या खेळात किती जण, ते चकतीच्या डबीच्या मागे छापलेल्या वाय-फायच्या चिन्हाशेजारी दिलेले असते. 'टेकेन ६' मध्ये दोघे लढतात, 'ग्रान टुरिझ्मो' मध्ये चौघे शर्यत लावतात आणि 'मॉन्स्टर हंटर फ्रीडम युनाइट' मध्ये चौघांची टोळी मिळून शिकारीला निघते. शेवटचा खेळ शिकायला वेळ घेतो, पण लातूरला एकाच खोलीत राहून वर्षभर अभ्यास करणाऱ्या पोरांना रविवारची एखादी संध्याकाळ घालवायला याहून चांगला खेळ या कन्सोलवर मला माहीत नाही.

पहिली अट म्हणजे प्रत्येकाकडे त्या खेळाची स्वतःची प्रत हवी. एक चकती आणि चार कन्सोल असा हिशेब सहसा जमत नाही. अपवाद 'गेम शेअरिंग' चा. काही मोजक्या खेळांत एका कन्सोलवरून दुसऱ्याकडे खेळाचा छोटासा भाग पाठवता येतो. घेणाऱ्याने मेनूतल्या 'गेम' मध्ये जाऊन 'गेम शेअरिंग' उघडायचे असते. दुसरी अट म्हणजे प्रती शक्यतो एकाच प्रदेशासाठीच्या असाव्यात. पीएसपीच्या खेळांना प्रदेशाचे कुलूप नाही, त्यामुळे अमेरिकेची चकती इथल्या कन्सोलवर चालते. पण अमेरिकेची प्रत आणि युरोपची प्रत एकमेकींना पुष्कळदा ओळखत नाहीत. दोघांची नावे एकमेकांच्या पडद्यावर येत नसतील आणि बाकी सगळे ठीक असेल, तर चकतीवरचा क्रमांक ताडून पाहावा. दोन्ही कन्सोलांचे फर्मवेअर तंतोतंत सारखे असण्याची मात्र गरज नाही. खेळाला लागते तेवढे असले म्हणजे पुरे.

जोडणी करण्याआधी तीन सेटिंग्ज पाहाव्यात. 'सिस्टिम सेटिंग्ज' मधील 'निकनेम' मध्ये आपले नाव ठेवावे, कारण जुन्या मालकाचे नाव तसेच राहिले तर खेळातल्या खोलीत, म्हणजे डावाआधी सगळे जिथे जमतात तिथे, कोण कोण आले आहे ते कळत नाही. 'पॉवर सेव्ह सेटिंग्ज' मधील 'डब्ल्यूलॅन पॉवर सेव्ह' बंद ठेवावे. ते सुरू असले की बॅटरी थोडी वाचते, पण खेळ अडखळतो. तिसरी सेटिंग चॅनलची आहे. 'नेटवर्क सेटिंग्ज' मधील 'ॲड हॉक मोड' मध्ये 'ऑटोमॅटिक', १, ६ आणि ११ असे चार पर्याय मिळतात. नवख्याने सगळ्या कन्सोलांवर 'ऑटोमॅटिक' ठेवावे. एकाच इमारतीत पंचवीस राउटर असलेल्या वसतिगृहात मात्र जोडणी सारखी तुटते; तिथे सर्वांनी ठरवून एकच चॅनल निवडावे. १, ६ आणि ११ हेच आकडे का, याला कारण आहे. वाय-फायच्या चॅनलांमधले अंतर पाच मेगाहर्ट्झचे असते, पण 'बी' पद्धतीची एक लहर सुमारे बावीस मेगाहर्ट्झ जागा व्यापते, त्यामुळे शेजारशेजारची चॅनले एकमेकांवर चढतात. एकमेकांना धक्का न लावणारी तीनच जागा उरतात आणि त्या याच. एकाने ६ आणि दुसऱ्याने ११ ठेवले तर दोघे शेजारी बसूनही परके राहतात, हे सांगायला नकोच.

आता प्रत्यक्ष खेळ. सर्वांनी वाय-फायचे बटण सुरू करावे, खेळ सुरू करावा आणि त्यातला 'मल्टिप्लेअर' किंवा 'ॲड हॉक' हा भाग उघडावा. हिरवा दिवा लुकलुकू लागला म्हणजे कन्सोल हाका मारतो आहे. एकाने, आणि एकानेच, खोली तयार करायची. बाकीच्यांनी खोली शोधायची. नवखे सगळेच 'क्रिएट' दाबतात आणि मग प्रत्येक जण आपापल्या रिकाम्या खोलीत दुसऱ्याची वाट पाहत बसतो. ज्याची बॅटरी सर्वांत भरलेली त्याने खोली काढावी, कारण त्याचा कन्सोल मालवला की बहुतेक खेळांत सगळ्यांचाच डाव मोडतो.

अंतराचे म्हणाल तर एका खोलीत, आठदहा मीटरच्या आत बसावे. माझ्या सासुरवाडीला हिंगोलीकडे जुने माळवदाचे घर आहे, मातीच्या भिंती दोन-दोन हात जाड. तिथे बैठकीतला कन्सोल आणि माजघरातला कन्सोल एकमेकांना अजिबात दिसत नाहीत. तीच मंडळी रात्री वर माळवदावर जाऊन बसली की चौघांचा डाव तासभर विनातक्रार चालतो. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही याच २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करतो, त्यामुळे तो सुरू असताना त्याच्याजवळ बसू नये.

या दोघा भाच्यांचा पहिला सुरळीत डाव, ई१००० बदलून घेतल्यानंतर, तपोवन एक्सप्रेसमध्ये झाला. जालना सुटल्यावर दोघे खिडकीजवळ समोरासमोर बसले, एकाने शर्यत उघडली, दुसऱ्याच्या पडद्यावर तिचे नाव चार-पाच सेकंदांत आले आणि संभाजीनगर येईपर्यंत सात शर्यती झाल्या. मधल्या पट्ट्यात मोबाइलला रेंज नव्हती, पण त्यांना तिची गरजही पडली नाही. आठव्या शर्यतीत परभणीवाल्याने चहावाल्याला पैसे देण्यासाठी वरचे-खालचे न पाहता चालू-बंदचे बटण सरकवले, कन्सोल झोपला आणि जोडणी तुटली. हे बटण वर थोडेसे सरकवले तर कन्सोल झोपतो, वर धरून ठेवले तर बंद होतो आणि खाली सरकवले तर बटणांना कुलूप लागते. झोपलेला कन्सोल जागा झाला तरी तुटलेला डाव परत जुळत नाही. क्षणभर थांबायचे असेल तर बटण खाली, 'होल्ड' कडे सरकवावे. जोडणी टिकून राहते, मात्र शर्यतीत तुमची गाडी तशीच उभी राहते.

कुणाकडे नवा कन्सोल असेल तर

घरात निन्टेन्डो स्विच असेल, तर तत्त्व तेच असले तरी तपशील सोपे आहेत. मार्च २०१७ मध्ये आलेला हा कन्सोल २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हींवर चालतो आणि आजच्या राउटरशी भांडत नाही. 'सिस्टिम सेटिंग्ज' मध्ये सर्वांत खाली 'सिस्टिम' आणि त्यात 'सिस्टिम अपडेट' आहे. चार्जर लावून ते करावे, एवढेच. समोरासमोरच्या खेळासाठी 'लोकल वायरलेस' असते. त्याला मासिक वर्गणी किंवा इंटरनेट लागत नाही आणि खेळाने मुभा दिली तर आठ कन्सोल एकत्र येतात. विमानाचे चिन्ह, म्हणजे 'एअरप्लेन मोड', मात्र बंद हवे.

इथली अडचण वेगळी आहे. स्विचचे खेळ वरचेवर बदलत असतात आणि एकाकडे नवी आवृत्ती, दुसऱ्याकडे जुनी असेल तर जोडणी होत नाही. गावी गेल्यावर, जिथे शंभर एमबी उतरवायला अर्धा तास लागतो, तिथे हे लक्षात येते. त्यावर एक छान सोय आहे. खेळाच्या चित्रावर अधिकचे बटण दाबून 'सॉफ्टवेअर अपडेट' मध्ये गेले की 'मॅच व्हर्जन विथ लोकल यूजर्स' असा पर्याय मिळतो. त्यातून शेजारी बसलेल्याच्या कन्सोलवरूनच नवी आवृत्ती इंटरनेटशिवाय घेता येते. पीएसपीच्या काळात ही सोय असती तर बरे झाले असते.

खेळ संपवताना

डाव संपला की आधी खेळातच प्रगती जतन करावी आणि मेमरी स्टिकचा नारिंगी दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत ती बाहेर ओढू नये. मग खोली काढणाऱ्याने सर्वांत शेवटी बाहेर पडावे. तो आधी गेला तर उरलेल्यांच्या पडद्यावर त्रुटीचा संदेश येतो आणि काही खेळांत त्या फेरीची कमाई जाते. बाहेर पडल्यावर प्रत्येकाने वाय-फायचे बटण बंद करावे, नाहीतर पुढचा खेळ एकट्याने खेळतानाही बॅटरी विनाकारण खर्च होण्याची शक्यता राहते. कन्सोल महिनाभर वापरायचा नसेल, तर बॅटरी अर्धी भरून काढून ठेवावी आणि ती पिशवीत गुंडाळून घरातल्या गार कोपऱ्यात ठेवावी, पत्र्याखालच्या माडीवर नव्हे.